पडदा मोठा घ्या, पण ठिपके मोजून

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आपल्या बऱ्याच घरांत आता कॉम्प्युटर आला आहे. तो बहुधा नवा नसतो. कुठल्यातरी कचेरीने दहा-बारा वर्षे वापरून काढून टाकलेला आणि कल्याण-उल्हासनगरकडच्या दुकानातून आणलेला असतो. सोबत १७ किंवा साडेअठरा इंचांचा मॉनिटर येतो. मुलांचा अभ्यास, प्रवेशाचे अर्ज, निकाल हे सारे त्यावरच होते. आणि अलीकडे आमच्या पाहण्यात असे येते की, काही मुले-मुली त्याच यंत्रावर विमान उडवायला शिकत आहेत.

याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर विमानाची केबिन दिसते, समोर धावपट्टी असते आणि मुलाने नियमाप्रमाणे विमान उडवून उतरवायचे असते. याला निव्वळ पोरखेळ म्हणू नये. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यांनी जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याचे यंत्र तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर शिकले. आजही विमान कंपन्यांचे पायलट सिम्युलेटरवर नियमित सराव करतात. घरातला प्रकार हे त्याचे धाकटे भावंड होय.

मूल महिनाभर उडवते आणि मग म्हणते, "बाबा, मॉनिटर लहान पडतो. मोठा घ्या ना." बाबा एमआयडीसीत कंत्राटावर, नाहीतर आसनगावहून रोज लोकलने कामाला. बोनस वर्षातून एकदा. मुलाचा हट्ट म्हणून किंवा पोरगी पायलट होईल या आशेने ते दुकानात जातात आणि दुकानदार दाखवील तो सर्वांत मोठा पडदा घेऊन येतात. घरी जोडल्यावर विमान अडखळत चालते, चित्र तुटते, नाहीतर वायरच जुळत नाही. पैसे गेले ते गेलेच, वर बोलणी त्या मुलाला बसतात. हे टळावे म्हणून हा लेख. आम्ही वाणिज्य शाखेचे माणूस, तेव्हा जमाखर्चाच्या पद्धतीनेच मांडतो.

मागणी रास्त आहे काय?

आहे. सेसना १७२ हे शिकाऊ पायलटांचे जगभर वापरले जाणारे चार आसनांचे छोटे विमान. त्याची केबिन सुमारे एक मीटर रुंद असते आणि त्यातील मुख्य तबकड्या सुमारे आठ सेंटिमीटरच्या असतात. साडेअठरा इंची मॉनिटरचा पडदा फक्त ४१ सेंटिमीटर रुंद. सबंध केबिन त्यात बसवली की तबकडी निम्म्याहूनही लहान होते. विमान उतरवताना वेग, उंची आणि धावपट्टी या तिन्हींवर एकाच वेळी नजर लागते. काटा दिसावा म्हणून चित्र जवळ ओढले, तर धावपट्टी पडद्याबाहेर जाते. मुलाची अडचण खरी आहे. २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद असतो आणि २७ इंची सुमारे ६० सेंटिमीटर. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप, हे ध्यानात ठेवावे.

इंच वेगळे, ठिपके वेगळे

या लेखातील मुख्य गोष्ट हीच. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. कॉम्प्युटरवर ओझे पडते ते इंचांचे नव्हे, ठिपक्यांचे. दर सेकंदाला तीसेक वेळा त्याला प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो.

आता हिशेब पाहा. साडेअठरा इंची जुन्या मॉनिटरवर बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे एकूण १०,४९,०८८. ज्याला फुल एचडी म्हणतात त्यात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. ओझे जवळजवळ दुप्पट झाले. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००. आणि फोर-के नावाने जो विकतात त्यावर ८२,९४,४००, म्हणजे जुन्याच्या जवळजवळ आठपट. एका बैलाच्या गाडीवर आठ गाड्यांचे ओझे टाकले तर बैल काय करील?

उलट, २४ इंची फुल एचडी आणि २७ इंची फुल एचडी या दोहोंचे ठिपके सारखेच, म्हणून ओझेही सारखेच. २७ इंचीवर तेच ठिपके जरा मोठे होतात आणि जवळून पाहिल्यास अक्षर थोडे भरड दिसते, इतकेच. ३२ इंचीवर फुल एचडी घेतला, तर दोन फुटांच्या टेबलापाशी बसणाऱ्याला तो भरडपणा चांगलाच जाणवतो.

म्हणून आमचा सल्ला असा की, जुन्या यंत्राला २४ इंची फुल एचडी योग्य. टेबल खोल असेल आणि मूल हातभर मागे बसू शकत असेल, तर २७ इंची. त्यापुढे जाऊ नये.

विकत घेण्याआधी टीव्हीवर पाहा

दुप्पट ओझे आपले यंत्र पेलेल काय, हे पैसे न खर्चता कळते. घरात किंवा शेजारी फुल एचडी टीव्ही असेल, तर एका रविवारी कॉम्प्युटर त्याला जोडावा. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये १९२० गुणिले १०८० निवडावे आणि मुलाला तासभर उडवू द्यावे. टीव्हीत गेम मोड असेल तर तो चालू करावा, म्हणजे हात हलवणे आणि चित्र हलणे यांत अंतर पडत नाही.

चित्र सेकंदाला तीसच्या आसपास राहिले, तर निर्धास्त मॉनिटर घ्यावा. पंधरावर आले, तर सिम्युलेटरमधील ढग, झाडे, सावल्या यांची पातळी खाली आणावी. तरीही भागले नाही, तर सिम्युलेटरमध्ये १२८० गुणिले ७२० निवडता येते. हे ठिपके ९,२१,६००, म्हणजे जुन्या पडद्यापेक्षाही कमी. चित्र थोडे पुसट दिसेल, पण काटे मोठे दिसतील.

कोणते सिम्युलेटर, यावरही बरेच अवलंबून असते. २००६ सालचे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स मुख्य प्रोसेसरवर जास्त भार टाकते, त्यामुळे पडदा बदलल्याने त्याचा वेग फारसा घटत नाही. २०२० आणि २०२४ सालच्या आवृत्त्या कचेरीतून काढलेल्या यंत्रावर चालतील, ही अपेक्षाच ठेवू नये. फ्लाइटगिअर हे १९९७ पासून चालत आलेले सिम्युलेटर संपूर्ण मोफत आहे आणि लिनक्सवरही चालते. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे जुन्या यंत्रांना लिनक्सचा आधार मोठा आहे.

जुहूच्या धावपट्टीवर १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. तिथून सेसना उडवले की सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर शहापूर येते. ताशी २०० किलोमीटरने वीस मिनिटांचा प्रवास. वाटेत तानसाचे पाणी, माहुलीचा डोंगर, पुढे भातसा ओळखावी. मात्र फ्लाइटगिअरमध्ये डोंगर दिसला तरी आपली आळी दिसत नाही. जे सिम्युलेटरमध्येच नाही, ते मोठ्या पडद्यातही येणार नाही.

यंत्राची पाठ पाहून जा

दुकानात जाण्यापूर्वी कॉम्प्युटरच्या पाठीमागचा फोटो मोबाईलमध्ये घ्यावा. निळे, पंधरा छिद्रांचे तोंड असेल तर ते व्हीजीए. १९८७ पासूनची ही पद्धत. पुष्कळ नव्या मॉनिटरांना फक्त एचडीएमआय असते. मग मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि इथे हमखास फसगत होते. "व्हीजीएकडून एचडीएमआयकडे" आणि "एचडीएमआयकडून व्हीजीएकडे" या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. आपल्याला पहिली हवी. कचेरीच्या यंत्रांना पुष्कळदा डिस्प्लेपोर्टचे तोंड असते. त्यातून एचडीएमआय मॉनिटरला जाणारी साधी केबल मिळते.

दुकानदार १४४ हर्ट्झचा मॉनिटर सुचवील, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. आपले यंत्र तीसच चित्रे देते, तेव्हा ६० हर्ट्झ पुरे. वक्र पडद्याचेही वेगळे पैसे देऊ नयेत. पॅनेल मात्र आयपीएस घ्यावे. बाजूला बसलेल्या भावंडालाही रंग नीट दिसतात. जुना मॉनिटर घेत असाल, तर पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून डाग, मेलेले ठिपके, कडेचा उजेड पाहावा. पक्के बिल घ्यावे.

पडदा आणि पायलट

शेवटी मनातली गोष्ट. घरच्या कॉम्प्युटरवर उडवलेले तास पायलटच्या लॉगबुकात धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्यासाठी खऱ्या उड्डाणाचा अनुभव लागतो, किमान अट एकूण २०० तासांची आहे. मोठा पडदा घेतला म्हणजे पायलट होण्याची पहिली पायरी चढलो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी ही केंद्र सरकारची संस्था. तिथे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत आणि प्रवेश परीक्षेत इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र विचारतात. आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसी येथेही उड्डाण प्रशिक्षण चालते. फी सर्वत्र मोठी आहे, म्हणून दहावीपासूनच चौकशी करावी. चष्मा लागला म्हणून दार लगेच बंद होत नाही, पण रंग ओळखण्याची तपासणी असते. ती बोनस खर्चण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे करून घ्यावी.

मग सिम्युलेटरचा उपयोग काय? वेग, उंची, वारा, कोन ही पुस्तकातली गणिते हाताला कळतात, आणि आपल्याला हे काम खरेच आवडते काय हेही कळते. तेवढ्यासाठी २४ इंच पुष्कळ झाले. एका घराला जड जात असेल, तर वस्तीच्या अभ्यासिकेसाठी चार घरांनी मिळून एक मॉनिटर घ्यावा, पाळी लावावी आणि वहीत वेळ लिहावी. मोठ्या पडद्याऐवजी मध्यम पडदा घेऊन जे पैसे वाचतील, ते अकरावी-बारावीच्या गणित-भौतिकशास्त्राच्या शिकवणीकडे वळवावेत.