गाडी गरम होतेय? वॉटर पंप घरी कधी बदलायचा आणि कधी हात लावायचा नाही

ऊन तापलं की रस्त्यावर हे चित्र हमखास दिसतं. पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरलेले, बाजार गाठायची घाई आणि चढावर बोनेटमधून वाफ. चालक बाटलीभर पाणी ओततो आणि पुढं निघतो. दोन-चार दिवस असंच चालतं. मग एक दिवस हेड गॅसकेट जातं, नाहीतर हेडच वाकतं आणि इंजिन खोलायची वेळ येते. सुरुवात मात्र अनेकदा वॉटर पंपाच्या छोट्याशा सीलपासून झालेली असते.

पंपाचं काम काय?

इंजिनात तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये आणायचं आणि गार झालेलं परत इंजिनात ढकलायचं, हे या पंपाचं काम. आत एक पातं, एक शाफ्ट, एक बेअरिंग आणि एक सील असतं. सील झिजलं की पंपाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातून थेंब पडायला लागतात. हे भोक कंपनीनंच मुद्दाम ठेवलेलं असतं, गळती कळावी म्हणून. काही जण तिथं एम-सील लावून मोकळे होतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप लवकर जाम होतो.

दोष पंपाचाच आहे का?

गाडी गरम झाली म्हणजे पंपच गेला असं नाही. आधी फॅन बेल्ट सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत माती-भुसा अडकलाय का, नळ्या फुटल्यात का, रेडिएटरच्या झाकणाचं रबर ठीक आहे का, हे बघा. थर्मोस्टॅट अडकला तरी गाडी गरम होते. मग इंजिन बंद आणि गार असताना पंपाची पुली धरून हलवा. ती खडखड हलली, किंवा इंजिन चालू असताना पंपाच्या बाजूनं घरघर येत असली, तर बेअरिंग गेलं समजा.

आधी हे ठरवा

पंपाचे सगळे बोल्ट डोळ्यांना दिसतात का? जुन्या जीपसारख्या गाड्यांत आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत पंप इंजिनाच्या तोंडाशी असतो, पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो आणि बाहेरचा बेल्ट त्याला फिरवतो. अशा ठिकाणी पाने आणि धीर असेल तर काम घरी होतं.

पण अनेक कारमध्ये पंप टायमिंग बेल्टच्या झाकणामागे असतो. पुली बाहेर दिसली तरी पंपाचा काही भाग झाकणाखाली गेलेला असला, तर हात लावू नका. टायमिंगचा बेल्ट एक-दोन दाते जरी चुकीचा बसला, तरी पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथं मिस्त्रीच पाहिजे. टायमिंग बेल्ट बदलायला गाडी दिली असेल तर पंपही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते. गाडी वॉरंटीत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

काम असं करा

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर. गाडी सपाट जागी लावा, चाकाला दगड द्या, बॅटरीची मायनस वायर काढा. बेल्ट आणि नळ्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

२. रेडिएटरचं झाकण उघडा, खाली घमेलं ठेवून तळाचा कॉक सोडा.

३. बेल्ट ताणलेला असतानाच पुलीचे किंवा पंख्याचे बोल्ट ढिले करा. बेल्ट काढल्यावर पुली नुसती फिरत राहते. मग अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून बेल्ट काढा.

४. नळ्या काढा, पंपाचे बोल्ट खोला. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्याचा त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर कास्टिंग फुटू शकतं.

५. पंप चिकटला असेल तर लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोका. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, बसायची जागा खराब होते.

६. जुना आणि नवा पंप शेजारी ठेवून भोकं, पुलीची उंची आणि पातं जुळवून बघा. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, पण खरवडताना भोकात कापड कोंबा आणि नंतर आठवणीनं काढा. नवं पॅकिंग बसवा. पेस्ट सांगितली असेल तरच आणि पातळ लावा. जादा पेस्ट सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकते.

७. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पान्याला पाईप लावून जोर देऊ नका. पुस्तिकेत टॉर्क दिला असेल तर टॉर्क पाना वापरा.

८. बेल्ट चढवा. साध्या व्ही-बेल्टचा मधला भाग अंगठ्यानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. फार ताणला तर नव्या पंपाचं बेअरिंगही लवकर जातं.

पाणी कुठलं भरायचं?

बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत धरतात. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. तयार मिसळलेलं कुलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. हळूहळू भरा. बॅटरीची वायर जोडा, झाकण उघडं ठेवूनच गार इंजिन चालू करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत आणि वरची नळी गरम होईपर्यंत पाणी कमी पडेल तसं भरत राहा, तोंड मात्र लांब ठेवा. मग झाकण लावा. जवळच एक फेरी मारून काट्याकडे आणि पंपाच्या खाली लक्ष द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा तपासा.

दोन धोके

पहिला, गरम रेडिएटरचं झाकण. आत कुकरसारखा दाब असतो, पाणी १०० अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण उघडताच ते तोंडावर, छातीवर उसळतं. रस्त्यात काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि निदान तासभर झाकणाला हात लावू नका. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

दुसरा, काढलेलं कुलंट. बहुतेक कुलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू चाटून जातं आणि मूत्रपिंड निकामी होऊन दगावतं. लहान मुलांनाही तोच धोका. घमेलं गोठ्याजवळ ठेवू नका, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, त्यावर ‘विष’ लिहून गॅरेजवाल्याकडे द्या. जमिनीवर सांडलेल्यावर माती टाकून ती भरून घ्या आणि जागा धुऊन काढा. जनावरानं चाटल्याची शंका आली तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.