संघाची जर्सी घालून सायकल चालवावी का?

सायकल आणि हेल्मेट घेऊन झाले की हौशी सायकलस्वाराची पुढची खरेदी बहुधा जर्सीची असते. दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेले की युरोपातल्या व्यावसायिक संघांच्या जर्सींच्या प्रतिकृती मोठ्या संख्येने दिसतात. रंग आकर्षक असतात, छातीवर प्रायोजकांची मोठी नावे असतात. मग मनात शंका येतात. ‘आपण काही शर्यतीत उतरत नाही, लोक हसतील का?’ ‘अंगाला चिकटून बसते, पोट दिसते, घालू की नको?’ ‘साधा सुती टी-शर्ट चालणार नाही का?’

छातीवर कोणत्या संघाचे नाव आहे याने शरीराला काही फरक पडत नाही. कापड कोणते, माप कसे आणि रंग कोणता याने मात्र पडतो. म्हणून संघाची जर्सी घालावी की नाही हे या तीन गोष्टी पाहून ठरवावे.

ही जर्सी मुळात कोणासाठी असते?

व्यावसायिक शर्यतीतली जर्सी ओळख पटवण्यासाठी असते. टूर द फ्रान्समध्ये १९१९ साली पिवळी जर्सी आली, ती आघाडीवरचा स्वार लोकांना चटकन ओळखता यावा म्हणून. शर्यत भरवणारे ‘लोटो’ हे वर्तमानपत्रही पिवळ्या कागदावर छापले जाई. इटलीच्या जिरो शर्यतीत १९३१ पासून आघाडीवीराला गुलाबी जर्सी मिळते, कारण तिथले ‘गॅझेटा देलो स्पोर्ट’ हे वर्तमानपत्र गुलाबी कागदावर निघते. संघांच्या जर्सीवर प्रायोजकांची नावे असतात, ती प्रेक्षकांना आणि टीव्हीच्या कॅमेऱ्याला दिसावीत म्हणून.

शर्यतीचा रस्ता वाहतुकीसाठी बंद असतो. स्वारांच्या पुढे-मागे मोटारसायकली आणि संघाच्या गाड्या असतात. त्यामुळे एखाद्या संघाने काळी किंवा गडद निळी जर्सी निवडली तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. तुमच्या मागे मात्र ट्रक, एसटी किंवा घाईत असलेला दुचाकीस्वार असतो. त्यांची जर्सी कॅमेऱ्याला दिसली की काम झाले. तुमची जर्सी मागच्या ड्रायव्हरला दिसली पाहिजे.

घाम आणि कापड

सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यापैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडल फिरवण्याच्या कामी येते. उरलेली सगळी उष्णता होते. समजा तासाला ५०० किलोकॅलरी खर्च होत आहेत. त्यातल्या सुमारे ४०० किलोकॅलरींची उष्णता शरीराला बाहेर टाकावी लागते. उन्हाळ्यात हे काम मुख्यतः घाम करतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

यात ‘उडून गेला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. निथळून खाली पडलेला घाम शरीर थंड करत नाही. त्याने फक्त अंगातले पाणी आणि मीठ जाते. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत घाम मुळातच हळू उडतो. त्यात सुती टी-शर्ट पाणी धरून ठेवतो, जड होतो आणि अंगाला चिकटतो. अर्ध्या तासाच्या फेरीला त्याने काही बिघडत नाही. दोन-तीन तासांच्या फेरीत मात्र काखेत, स्तनाग्रांवर आणि कमरेला कापड घासून कातडी सोलवटते, घामोळे येते आणि घाट उतरताना ओल्या छातीवर वारा लागून हुडहुडी भरते.

चांगल्या जर्सीचे पातळ पॉलिस्टर घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरवते, त्यामुळे तो लवकर सुकतो. पुढची चेन पूर्ण उघडणारी असेल तर चढावर हवा आत घेता येते. हे दोन गुण असतील तर जर्सी संघाची असो की साधी एकरंगी, ती उपयोगी आहे.

स्वस्त नक्कल घेताना इथेच फसगत होते. छपाई हुबेहूब असते, पण कापड जाड आणि हवा न खेळणारे असते. काहींना पॉलिस्टर रंगवायच्या विशिष्ट रंगांची ॲलर्जीही असते. काख, मान, कोपराचा खळगा अशा घामाच्या आणि घासण्याच्या जागी खाजरे लाल चट्टे उठतात. नवी जर्सी घालण्यापूर्वी एक-दोनदा धुवावी. तरीही चट्टे उठले तर ती जर्सी बाजूला ठेवावी.

माप कोणाचे घ्यावे?

शर्यतीची जर्सी पुढे वाकून बसणाऱ्या शरीरासाठी शिवलेली असते. ती पुढून आखूड, मागून लांब आणि अंगाला घट्ट असते. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्याला सैल कपडा खरोखर मागे ओढतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद आठपट होते. ताशी १८-२० किलोमीटरने जाणाऱ्याला घट्ट जर्सीचा फायदा नगण्य आहे.

म्हणून एक माप मोठे घ्यायला संकोच करू नये. श्वास घेताना छाती-पोटावर दाब येऊ नये, काखेत शिवण रुतू नये आणि मागचे खिसे भरल्यावर जर्सी खाली ओघळू नये, एवढे पाहावे. कापड फार ताणले गेले तर त्याची वीण उघडते आणि उन्हातली अतिनील किरणे त्यातून जास्त आत येतात. पातळ पांढरी जर्सी ओली झाल्यावरही असेच होते. लांब फेरी असेल तर मान, हात आणि कान यांना सनस्क्रीन लावावे.

मागच्या खिशात केळे, चिक्की, मोबाइल ठीक आहे. पंप, पाना यांसारख्या टणक वस्तू मणक्यावर येतील अशा मधल्या खिशात ठेवू नयेत. पाठीवर पडल्यास त्या वस्तूंनीच इजा होऊ शकते. त्या सीटखालच्या छोट्या पिशवीत ठेवाव्यात.

मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता का?

डेन्मार्कमध्ये सुमारे ६,८०० सायकलस्वारांवर वर्षभर एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला चमकदार पिवळे जाकीट वापरायला दिले. दुसऱ्या वाहनाशी किंवा व्यक्तीशी टक्कर होऊन जखमी होण्याचे प्रमाण जाकीट घालणाऱ्यांत स्पष्टपणे कमी होते. अपघातांची माहिती स्वारांनी स्वतःच दिली होती. त्यातली संभाव्य चूक वजा करूनही फरक सुमारे ३८ टक्के राहिला. आपल्या रस्त्यांवर हाच आकडा येईल असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

दोन गोष्टींत गल्लत करू नये. फ्लुरोसंट पोपटी-पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा आणि संधिप्रकाशात चमकतो. अंधार पडला की तो इतर रंगांसारखाच फिका पडतो. रात्री लागते ती गाडीचा प्रकाश परत फेकणारी पट्टी, जिला आपण ‘रेडियम’ म्हणतो. ती घोट्यांवर आणि गुडघ्यांवर लावली तर पाय वर-खाली होताना दिसतात आणि समोर माणूस आहे हे ड्रायव्हरला लवकर उमगते. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे फेऱ्यांत रात्री रिफ्लेक्टिव्ह जाकीट सक्तीचे असते ते याचसाठी.

आवडत्या संघाची जर्सी गडद रंगाची असेल तर ती टाकून देऊ नका. तिच्यावरून पातळ, जाळीदार रिफ्लेक्टिव्ह जाकीट घाला आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

सायकलस्वारांत असा एक संकेत आहे की टूरची पिवळी किंवा विश्वविजेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळवावी लागते, विकत घेऊन मिरवू नये. तो संकेत पाळायचा की नाही हे तुमच्यावर आहे. रस्त्यावर दिसण्याच्या दृष्टीने मात्र पिवळा रंग काळ्यापेक्षा केव्हाही बरा.

जर्सीपेक्षा शॉर्ट महत्त्वाची

सायकलस्वारांना जे त्वचेचे त्रास होतात त्यांतले बरेचसे कमरेखालचे असतात. जांघेत घासणे, केसांच्या मुळाशी पुळ्या, सीटच्या जागी दुखरे गळू आणि गजकर्ण. बजेट मर्यादित असेल तर जर्सीवर कमी आणि चांगल्या पॅडच्या शॉर्टवर जास्त खर्च करा. तिच्या आत दुसरी चड्डी घालू नये, कारण तिची शिवण कातडीला घासते. घरी आल्यावर त्याच ओल्या शॉर्टमध्ये चहा पीत बसू नये. लगेच अंघोळ करावी, अंग कोरडे करावे आणि शॉर्ट प्रत्येक फेरीनंतर धुवून उन्हात वाळवावी.

गजकर्णाबद्दल एक कळकळीची सूचना. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या ‘खाजेच्या’ अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवस खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि पुढे बरी व्हायला महिनोन्‌महिने लागतात. अशी मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नका.

पोट दिसते, लाज वाटते

हा प्रश्न वरवरचा वाटतो, पण आरोग्याच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. वजन जास्त असलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला सायकलीचा फायदा सर्वाधिक असतो, आणि कपड्यांच्या संकोचाने घरी बसण्याची शक्यताही त्याचीच जास्त असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. ती मिनिटे टी-शर्ट घालून भरली तरी हृदयाला चालतात.

आवडत्या संघाची जर्सी घातल्याने सकाळी साडेपाचला उठावेसे वाटत असेल तर ती जरूर घाला. अंगाला चिकटणारी जर्सी नको वाटत असेल तर सैल मापाची, त्याच पातळ कापडाची साधी जर्सी घाला. स्त्रियांनी पुरुषांच्या मापाची जर्सी नाइलाजाने घालण्याऐवजी स्त्रियांसाठी शिवलेली घ्यावी आणि आत आधार देणारी स्पोर्ट्‌स ब्रा घालावी. दुसऱ्याच्या पोटावर किंवा जर्सीवर विनोद करणाऱ्या मित्रांनीही लक्षात ठेवावे, की त्या विनोदाने एखाद्याचा व्यायाम कायमचा बंद पडू शकतो.

नक्कल कुठे थांबवावी?

जर्सीची नक्कल निरुपद्रवी आहे. जर्सीबरोबर येणाऱ्या काही सवयी तशा नाहीत.

- बसण्याची ढब : व्यावसायिकांसारखे हँडल खूप खाली केल्यास मान, कंबर आणि मनगटे दुखतात. नाजूक जागी बधिरपणा येत असेल तर तिथल्या नसेवर दाब पडतो आहे. सीट आणि हँडलची उंची बदलून घ्यावी.
- वजन : त्यांच्यासारखे सडपातळ दिसण्यासाठी उपाशीपोटी लांब फेऱ्या मारू नयेत. त्यांचा आहार आणि सराव यांवर डॉक्टर व आहारतज्ज्ञांची नजर असते.
- वेग : चाळिशी उलटली असेल आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल, तर जोरदार सराव सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

नक्कल करायचीच असेल तर हेल्मेटची करावी. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाक स्वार डोक्याला मार लागून दगावला. त्यानंतर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- सीटच्या जागेचे गळू वाढत असेल, ताप असेल किंवा आठवड्यात बरे होत नसेल.
- जांघेतले खाजरे चट्टे कडेने पसरत असतील.
- नाजूक जागेचा किंवा हाताच्या बोटांचा बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही टिकत असेल.
- सायकल चालवताना छातीत दुखले, दडपण आले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी दाखवावे. दुखणे थांबल्यावर कमी होत नसेल तर लगेच रुग्णालय गाठावे.
- उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाले तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, जर्सी काढावी, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

जर्सी घेताना आधी रंग दुरून दिसतो का ते पाहा, मग कापड आणि चेन, मग माप. एवढे जमले की छातीवर आवडत्या संघाचे नाव खुशाल असू द्या.