तळ्यातल्या मासळीवर हक्क कोणाचा?

चंद्रभागा नदीवरच्या एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर वाशिम शहराची तहान भागते, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मला मात्र वर्षानुवर्षं दुसराच प्रश्न छळतो: या पाण्यातल्या मासळीवर हक्क कोणाचा? चंद्रभागेसारखी नदी अडवली की मासळीचा कारभार सरकारदरबारी जातो आणि जाळं टाकायचा अधिकार ठेक्याने, साधारण पाच वर्षांसाठी, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे येतो. काठावरचा भोई त्या ठेक्यात नसेल, तर त्याचा थर्माकोलचा तराफा किंवा हवा भरलेली ट्रकची ट्यूब काठावरच राहते.

या प्रश्नाचा माग काढताना रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ हाती लागला. साल 1916, वाशिम ज्यात मोडतं तो वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. गोऱ्या अधिकाऱ्याची नजर त्यात पानोपानी जाणवते, तरी ढिमर या मासेमार जातीच्या पोटशाखांची यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. शिंगाडा लावणारे सिंगाडिया, नदीकाठी राहणारे नाधा, गळाने मासे धरणारे बन्सिया, झिंगे पकडणारे झिंगा, दोर वळणारे बंधैया आणि जात्याला टाकी लावणारे टांकीवाले! पाण्याभोवती किती हातांचं पोट होतं, ते या नावांतच दिसतं. आजच्या ठेक्याच्या कागदावर यांतला एकच हात उरतो, जाळं ओढणारा.

हे का घडलं? माझ्या मते कलाटणी दिली ती दुसऱ्या एका हिरालालांनी. रोहू, कतला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात त्यांची वीण होत नाही. 1957 साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून वीण घडवून आणली. पुढे मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, विकत आणून तळ्यात सोडायची आणि वाढली की काढायची, अशी शेती पाण्यात उभी राहिली. उत्पन्न वाढलं, यात शंका नाही. पण ज्याने बीजाला पैसा घातला त्याची राखण आली, आणि कुणीच न सोडलेला मरळ मासा गळाला लावणारा माणूसही चोर ठरू लागला.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावकडे याला उत्तर सापडतं. तिथले मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या मालकीचे, तलाव 1951 साली सरकारजमा झाले. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांना सोबत घेऊन काही तलावांतली बेशरमची झुडपं उपटली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. वनस्पती आल्या की देशी माशांना अंडी घालायला आणि पिलांना लपायला जागा मिळते. तळ्यातच वाढणाऱ्या या माशांचं बीज विकत आणावं लागत नाही.

वाशिमच्या तलावांसाठी म्हणूनच माझं मागणं सरळ आहे. विकत आणून सोडलेली मासळी संस्थेची असू द्या. पण गळ, झिंगे आणि शिंगाडा यांचा हक्क ठेक्यातून वेगळा काढून काठच्या माणसांच्या नावे लिहा. आणि संस्थेचं सभासदत्व त्यालाच द्या, जो स्वतः पाण्यात उतरतो.