चेन्नईचा लाखमोलाचा शेअर

सचिनच्या बॅटवर झळकलेली तीन अक्षरे म्हणजे एमआरएफ. १९४६ मध्ये के. एम. माम्मेन माप्पिळ्ळै यांनी मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला खेळण्यातले फुगे बनवायला सुरुवात केली आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. गोव्यात उसगावला तिचा टायर कारखाना आहे.

१३ जून २०२३ रोजी १० रुपये दर्शनी किमतीच्या या शेअरने एक लाखाचा टप्पा ओलांडला. भारतीय बाजारात असे प्रथमच घडले. कंपनीचे शेअर जेमतेम ४२ लाख आणि १९७५ नंतर ना बोनस, ना विभाजन. आकडा फुगला तो त्यामुळे. शेअर ‘महाग’ आहे की नाही, हे या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

कळते ते खरेदीच्या तारखेवरून. २०१२ च्या सुरुवातीला दहा हजारांच्या आसपास घेतलेला शेअर लाखावर गेला, म्हणजे वर्षाला साधारण २२ टक्के चक्रवाढ. पण २०१८ च्या तेजीत ८० हजारांना घेणाऱ्याला मार्च २०२० मध्ये भाव ६० हजारांखाली गेलेला पाहावा लागला. पाव भाग गेला की भरपाईला ३३ टक्के वाढ लागते. लाखाच्या दिवशी त्याचा परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या घरात होता, मुदत ठेवीपेक्षाही कमी.

लाभांशाचा आधारही तुटपुंजा: २०२३-२४ साठी शेअरमागे २०० रुपये.