पहिले पान, पहिला स्वर

दीपावलीच्या मंगल दिवशी जैन व्यापारी कुटुंबात नवी वही उघडली जाते. कुंकवाचा स्वस्तिक रेखला जातो, आणि पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी व कयवन्ना शेठांचे सौभाग्य यांचे स्मरण लिहिले जाते. त्या पानावर जमा नसते, नावे नसते, एकही आकडा नसतो. हिशेब पुढच्या पानापासून सुरू होतो. ज्याच्यासाठी वही घेतली तेच आरंभी राखून ठेवायचे, ही रीत वरवर पाहता विलक्षण वाटते. पण पिढ्यान्‌पिढ्या तीच शुभ मानली गेली आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, संत सोनाजी महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा या गावाला वारकरी भजनाची रीत अपरिचित नाही. तीही याच वळणाची आहे. टाळ-मृदंग सज्ज असले तरी मंडळी मुख्य पदाला एकदम हात घालीत नाहीत. आधी ‘रामकृष्णहरी’चा गजर, मग रूपाचा अभंग, आणि मन स्थिर झाल्यावर पुढचे पद. वहीचे पहिले पान आणि भजनाचा पहिला गजर यांचा हेतू एकच आहे : कार्य सुरू होण्यापूर्वी कर्त्याने स्वतः सिद्ध व्हावे.

अभिजात संगीताने हा विचार फार सूक्ष्मपणे जोपासला आहे. त्याची शास्त्रीय मांडणी करणाऱ्या ग्रंथांपैकी सर्वांत मान्य ग्रंथ महाराष्ट्राच्याच भूमीत, देवगिरीला लिहिला गेला. यादवराजा सिंघण याच्या दरबारी, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. शार्ङ्गदेव ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख अधिकारी होता, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांना विशेष वाटावी. वह्यांचा हा जाणकार रागाच्या आरंभाविषयीही हिशेबी शिस्तीने लिहितो. रागालप्तीचे त्याने चार टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात गायकाने मुख्य स्वराच्या आसपासच राहावे आणि त्याच्यापासून चौथ्या स्वराला स्पर्श करू नये. या टप्प्याचे नाव ‘मुखचाल’. दुसऱ्यात तो चौथा स्वर यावा, तिसऱ्यात त्याच्या पलीकडचे स्वर, आणि चौथ्यात वरच्या सप्तकातील मुख्य स्वर. भांडवल पहिल्याच दिवशी उधळायचे नाही, असाच हा नियम आहे.

या शास्त्रात जैन आचार्यांचा वाटाही मोठा आहे. दिगंबर आचार्य पार्श्वदेव यांनी ‘संगीतसमयसार’ या ग्रंथात आलप्ती आणि ठाय यांचा विचार केला. श्वेतांबर मुनी सुधाकलश यांनी इ. स. १३५० मध्ये ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ पूर्ण केला. तीर्थंकरांची देशना मालकोश रागात होते, ही श्रद्धा तर अनेक श्रावक घरांत परिचित आहे. आज मालकंस म्हणून गायल्या जाणाऱ्या रागाचा आरंभ गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच वेगळा होतो. या रागात पंचम नाही. म्हणून तानपुऱ्याची पहिली तार नेहमीच्या पंचमाऐवजी मध्यमात लावावी लागते. जाणकार श्रोता नुसत्या तारांच्या झंकारावरून सावध होतो.

मारवा रागाचा आरंभ याहून धाडसी आहे. षड्ज हा सर्व स्वरांचा आधार. पण मारव्यात गायक त्यालाच दूर ठेवतो. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्याभोवती स्वर फिरत राहतात, घर समोर दिसते आणि पाऊल मात्र उंबऱ्याशी थांबते. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांच्या ध्वनिमुद्रित मारव्यात अतिविलंबित झुमऱ्याची चौदा मात्रांची आवर्तने या विरहाला पुरेसा अवकाश देतात. शेवटी षड्ज लाभतो तेव्हा तो केवळ एक स्वर राहत नाही; दीर्घ प्रवासानंतर घराचे दार उघडावे, तसा तो वाटतो.

आरंभाची रीत घराण्याचीही ओळख सांगते. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ बंदिशीपूर्वी ध्रुपदाच्या परंपरेतील नोम्‌तोम्‌ आलाप करीत. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ एकेका स्वराला गोंजारीत किराणा घराण्याची वाट दाखवीत. कोल्हापूर दरबारी असलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या जयपूर घराण्यात मात्र थोडक्या आकारानंतर बंदीश तालासह सुरू होते आणि रागाचा सारा विस्तार आवर्तनाच्या बांधणीतच घडतो. रीती निरनिराळ्या असल्या, तरी पहिल्या क्षणी सर्वस्व सांगून टाकायचे नाही, याविषयी कोणाचे दुमत नाही.

पाश्चात्त्य संगीतातही याचे दाखले आढळतात. बीथोवेनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली. तिचे आरंभीचे चार आघात जगप्रसिद्ध आहेत. परंतु ती आघाताने नव्हे, मौनाने सुरू होते. स्वरलिपीत पहिल्या मात्रेचा पूर्वार्ध रिकामा आहे. आरंभ करणारे वादक ती अर्धी मात्रा मनात मोजतात आणि मगच वाजवू लागतात. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्की यांच्या ‘वसंतविधी’ या नृत्यनाट्याचा आरंभ बसून नावाच्या एकट्या सुषिर वाद्याने झाला. मंद्र स्वरांसाठी ओळखले जाणारे ते वाद्य इतक्या उंच स्वरांत वाजविले गेले की परिचित वाद्यही अनोळखी भासावे. त्या दिवशी प्रेक्षागृहात मोठा गोंधळ उडाला. आज ती रचना विसाव्या शतकातील श्रेष्ठ कृतींमध्ये गणली जाते.

हे सारे आरंभ श्रोत्याकडून एकच गोष्ट मागतात : धीर. नेमकी तीच आज दुर्मिळ होत चालली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसविताना कलावंतांना आलाप आखडता घ्यावा लागला. ती यंत्राची मर्यादा होती. आज यंत्राला कोणतीही मर्यादा नाही. तासाभराचा राग हातातल्या मोबाईलवर उपलब्ध आहे. तरी बोट आलाप ओलांडून थेट द्रुत तानांवर जाते. मैफिलीलाही आलाप संपता संपता पोहोचणारे श्रोते असतात. त्यांना ताना मिळतात. पण ज्या प्रतीक्षेने त्या तानांना अर्थ येतो, ती त्यांच्या वाट्याला येत नाही. घरातील मुलांनी असेच ऐकायची सवय लावून घेतली, तर राग त्यांच्यापर्यंत पोहोचेल तो पहिले पान फाटलेल्या वहीसारखा.

जैन कुटुंबाकडे या व्याधीवर घरचाच उपाय आहे. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. तेवढा वेळ एका आसनावर, चंचलता आवरून बसण्याचा संस्कार आजी-आजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या दिला आहे. संगीतश्रवण हे सामायिक नव्हे, आणि त्याची जागा ते घेऊ शकत नाही. मात्र त्या आसनाने शिकविलेला धीर संगीतालाही उपयोगी पडतो. दुकान वाढवल्यानंतर, आठवड्यातून एका संध्याकाळी, सर्वांनी मोबाईल बाजूला ठेवून एखादा राग पहिल्या झंकारापासून ऐकावा. मुले आरंभी चुळबुळ करतील. षड्ज कधी येतो, याची वाट पाहायला मात्र ती लवकरच शिकतील.

वहीच्या पहिल्या पानावर आकडा नसतो म्हणून ते पान कोरे ठरत नाही. वर्षभराचा व्यवहार कोणत्या वृत्तीने करायचा, हे तेच पान सांगते. रागाचा आलापही असाच असतो. तो ओलांडणाऱ्याचे एक पान वाचते खरे. पण खाते कोणत्या नावाने उघडले, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही.