‘कम्युनिटी’ : गावकी की भावकी?

इंग्रजीतला ‘कम्युनिटी’ हा शब्द राजकीय व्यवहारात तीन वेगळ्या अर्थांनी येतो : जन्माने एक असलेले लोक, एका ठिकाणी राहणारे लोक आणि एखादी गोष्ट मिळून सांभाळणारे लोक. इंग्रजीत यातला एक निवडावा लागत नाही. मराठीत दर वेळी लागतो. १९३२चा ‘कम्युनल अवॉर्ड’ मराठीत ‘जातीय निवाडा’ झाला, तर १९५२च्या विकासकार्यक्रमातली ‘कम्युनिटी’ ‘समुदाय’ झाली. गावोगावच्या ‘कम्युनिटी हॉल’चे समाजमंदिर झाले.

कोशात ही निवड निरुपद्रवी वाटते. नंदुरबार जिल्ह्यात मात्र जंगलावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तिला चिकटलेला आहे.

१९९६च्या पेसा कायद्यानुसार गाव म्हणजे वस्ती किंवा पाडा, अथवा वस्त्यांचा वा पाड्यांचा समूह, जिथे एक ‘कम्युनिटी’ आपल्या रूढी-परंपरांनुसार कारभार पाहते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत महसुली गाव कागदावर एक असते, पाडे मात्र विखुरलेले. म्हणून ही व्याख्या तिथल्या जगण्याला जवळची आहे. पण ‘कम्युनिटी’साठी ‘समाज’ लिहिले की अर्थ सरकतो. ‘आमचा समाज’ म्हणताना मराठी माणूस जात किंवा जमात सांगतो. भिल्ल आणि पावरा शेजारी राहत असतील, तर ‘समाज’ दोन होतात. गाव मात्र एकच राहते.

२००६च्या वनहक्क कायद्यात गुंता वाढतो. ‘सामूहिक वनसंपत्ती’च्या मूळ इंग्रजी व्याख्येत हाच शब्द आधी गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या वनजमिनीसाठी येतो आणि त्याच वाक्यात पुढे पशुपालक लोकांसाठी. पहिला अर्थ ठिकाणाचा, दुसरा उपजीविकेचा. मराठी अर्जांत रूढ झालेला ‘सामूहिक’ हा शब्द ‘अनेकांनी मिळून’ एवढेच सांगतो. हे अनेक कोण, ते सांगत नाही. सामूहिक विवाहातली जोडपी त्या दिवसापुरती एकत्र येतात. ऐकणाऱ्याला सातबाऱ्यावरचे ‘सामाईक’ही आठवते, तिथे नावे असतात आणि उद्या हिस्से मागता येतात. सामूहिक वनसंपत्तीत वाटून घ्यायचे हिस्से नाहीत. तिथे जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. तो चालवते ग्रामसभा, म्हणजे गावातली सर्व प्रौढ माणसे.

हा अर्थ सातपुड्याला नवा नाही. भिल्ल-पावरांच्या ‘लाह’ या रीतीत एकाच्या शेतावर शेजारीपाजारी कामाला येतात, यजमान जेवण घालतो. पुढे तोही दुसऱ्याकडे जातो. तिथे नाते रक्ताचेच असावे लागत नाही.

मराठीकडेही हा भेद आहे : भावकी आणि गावकी. भावकी कुळाची, गावकी गावाची. अर्थात जुन्या गावकीत सर्वांना सारखा आवाज नव्हता. दलितांना आणि स्त्रियांना तर नव्हताच. त्यामुळे तो शब्द कायद्यात जसाच्या तसा घेता येणार नाही. वनहक्काच्या २०१२च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जुन्या गावकीत ही अट बसली नसती.

तेव्हा एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द शोधण्याचा हट्ट सोडावा. जन्म अभिप्रेत असेल तिथे ‘जमात’ लिहावे, व्यवसाय असेल तिथे ‘पशुपालक’, आणि ठिकाण असेल तिथे सरळ ‘गाव’. दाव्याच्या कागदावर ‘गावाचा हक्क’ असे वाचले, तर पाड्यावरच्या माणसाला तो कोणाचा हे विचारावे लागणार नाही.