आमचें मका सोलण्याचें यंत्र

मक्याचें कोंवळें कणीस निखाऱ्यावर भाजून, मीठ-तिखट लावून खाणें कोणास आवडत नाहीं? परंतु तेंच कणीस वाळल्यावर त्याचे दाणे कसे सुटतात, हें आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. आमच्या घरीं हें काम प्रथम हातानें चाले. पुढें एका बिडाच्या यंत्रावर होऊं लागलें. त्या यंत्रानें कोणतें काम केलें व कोणतें त्यास करितां आलें नाहीं, हें येथें सांगावयाचें आहे.

ज्वारीच्या कणसांवरून खळ्यांत बैल फिरविले कीं मळणी झाली. मक्याचे दाणे मात्र गाभ्यांत ओळींनीं घट्ट रुतलेले असतात आणि वर पानांचें जाड वेष्टन असतें. मनुष्याचा हात लागल्यावांचून हें पीक आपलें बीं पसरूंही शकत नाहीं. कणीस तसेंच भुईवर पडलें, तर सारे दाणे एकाच जागीं उगवून एकमेकांस मारतात. (पुढच्या खेपेस कणीस हातीं आलें म्हणजे वाचकांनीं त्याच्या ओळी मोजून पाहाव्या. त्या १२, १४, १६ अशा सम भरतील, कारण कणसावर फुलें जोडीजोडीनें येतात.)

दसऱ्याच्या सुमारास कणसें माळवदावर वाळत पडत. मग आंगठ्यानें एक ओळ उपटावयाची आणि शेजारच्या ओळी त्या रिकाम्या जागेकडे ढकलावयाच्या, अशी सोलण्याची रीत होती. पहिल्याच दिवशीं आमच्या आंगठ्यांस फोड येत. घाई असली तर सुंभाच्या बाजेवर कणसें ओतून काठीनें झोडपीत. दाणे विणींतून खालीं पडत, पण त्यांत फूट फार होई. या कामास शेजारच्या वस्तीवरून दोन बाया येत. दोघीही विधवा होत्या. आम्ही मुलें त्यांस मावशी म्हणत असूं. सोळा पायल्या दाणे काढले कीं एक पायली त्यांची. मेट्रिक मापें कायद्यानें आलीं होतीं, तरी आमच्या आजीच्या कोठारांत पायलीचेंच राज्य होतें.

एके वर्षीं आजोबांनीं तालुक्याच्या बाजारांतून एक जुनें यंत्र आणलें. तें कमरेइतकें उंच असून लांकडी पेटीवर बसविलेलें होतें. वर एक निमुळतें तोंड. त्यांत कणीस बारीक टोंक खालीं करून सोडावयाचें. आंत एका अंगास दांतेरी चकती व समोर स्प्रिंगेनें रेटलेली लोखंडी पट्टी. दांड्यावरचें मोठें चाक लहान चाकास फिरवी, म्हणून दांडा एकदां फिरला तर चकती तीन-चार वेळां फिरे. तिचे दांत कणसास खालीं ओढीत व त्याच वेळीं स्वतःभोंवतीं गरगर फिरवीत. त्यामुळें चारी अंगांचे दाणे निघत. कणीस जाड असो वा बारीक, पट्टी तेवढी मागेंपुढें सरे. दाणे पेटींत सांडत आणि उघडा पडलेला गाभा बाजूच्या भोंकांतून बाहेर उडे. दुसऱ्या अंगास एक जड चाक होतें. तें वेगांत आलें म्हणजे जाड कणीस आलें तरी दांडा अडखळत नसे.

मका मूळचा मेक्सिकोकडचा, आणि हें यंत्रही तिकडच्याच खंडांतलें. हातानें फिरवावयाच्या अशा यंत्राचें पेटंट अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यांतील लेस्टर डेनिसन यांस १२ ऑगस्ट १८३९ रोजीं मिळालें.

कणसें वाळलीं कीं नाहीं हें मात्र यंत्रास कळत नसे. आजी एक दाणा दाताखालीं धरी. कट् असा आवाज झाला तर वाळला, दबला तर ओला. एका दिवाळींत पाऊस झाला. आजी नको म्हणत असतां आजोबांनीं घाईनें यंत्र चालविलें. दाणे चेंगरले, गाभे आंतच मोडून तोंड तुंबलें. आमच्या थोरल्या बंधूंनीं दांडा थांबवून तुकडा काढण्यास हात घातला. परंतु दांडा सोडला म्हणून जड चाक थांबत नाहीं. त्यांच्या बोटाचें नख गेलें. ते चेंगरलेले दाणे आजीनें गुरांसही घातले नाहींत. फुटक्या, ओल्या दाण्यावर बुरशी धरते व तिच्यांत विष असतें. १९७४ सालीं गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा या जिल्ह्यांत असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं.

यंत्रास न साधणारें दुसरें काम बियाण्याचें. दाण्याचें जें टोंक गाभ्यांत रुततें, त्याच्याजवळच अंकुर असतो. लोखंडी दांताचा धक्का तेथें बसला तर दाणा दिसावयास चांगला, पण उगवत नाहीं. म्हणून यंत्र आल्यावरही बियाणें हातानेंच काढावें, असें आजीनें ठरविलें. उत्तम कणसें निवडून, दोन्ही टोंकांचे लहानमोठे दाणे सोडून, मधले तेवढे मावशी काढीत. या कामास आठ पायल्यांस एक असा दर होता. पण एकरास बियाणें लागतें किती? सात-आठ किलो. महिन्याचें काम चार दिवसांवर आलें, हें खरें.

पुढें तेंही राहिलें नाहीं, आणि त्यास यंत्र कारण नव्हतें. १९६१ सालीं आपल्या देशांत गंगा, रणजित, डेक्कन इत्यादि संकरित मक्याचे वाण निघाले. कांहीं वर्षांनीं तसें बियाणें आमच्या गांवींही आलें. पीक भरघोस येई. पण संकरित वाणाचे घरचे दाणे पेरले तर पुढचें पीक तसें येत नाहीं. बियाणें दर साल पिशवींतूनच विकत घ्यावें लागतें.

त्या वर्षीं दोघींपैकीं एक मावशी सूप घेऊन नेहमींप्रमाणें आली. दुसरी वारली होती. काढावयास बियाणें नव्हतें. आजीनें दळणाचा मका तिच्या सुपांत ओतला आणि म्हणाली, "बस बाई, फुटके दाणे निवड." त्यांत निवडण्याजोगें फारसें नव्हतें. दिवस मावळतां आजीनें तिला पायली भरून दिली. तीही शीग लावून.